तोंड, कान आणि एक क्रियापद

छापखान्यात तिला ‘कान’ म्हणत. समोर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ऐकू यायचंच. कान तो कानच. तिच्या समोरच्या खुर्चीत बसणारी तिची सख्खी थोरली बहीण, ती ‘तोंड’. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणाऱ्या एका जाडजूड कोशाची प्रुफं तपासायचं काम या जोडीकडे होतं, आणि ते एकटीने व्हायचं काम नव्हतं. तोंडाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं. कानाने ते ऐकत छापील कागदावरून पेन फिरवायचं, आणि ऐकलेलं नि दिसलेलं जुळलं नाही की समासात खूण करायची.

घरात तिला चिमी म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या आणि राग कायम नाकावर ठेवणाऱ्या बाईला चिमी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाशी तिचा तीन वर्षं अबोला होता. अबोला आधी कोणी धरला हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

यातली गंमत, ज्याला यात गंमत वाटेल त्याला, अशी की दोघी दिवसभर एकमेकींशी बोलत. टेबल एक, दिवा एक. ताई वाचायची, चिमी ऐकायची. तोंडाने वाचायचं म्हणजे कागदावर असेल ते सगळं वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा: “कंस सुरू, जुन्या वापरात, कंस पुरा, अर्धविराम.” कानाला दोनच शब्दांची मुभा होती. सगळं जुळलं की ‘पुढे’, आणि नीट ऐकू आलं नाही की ‘परत’. तीन वर्षांत चिमी बहिणीला ‘पुढे’ आणि ‘परत’ याखेरीज एक अक्षर बोलली नव्हती. ताईने तिला कोशाची पानंच्या पानं ऐकवली होती, पण स्वतःचं म्हणून ब्र काढला नव्हता.

तिसराही एक शब्द होता. वाचता वाचता मजकुरात नसलेलं काही बोलायचं असेल, म्हणजे चहा आला, डोळे दुखले, घरचं काही आठवलं, तर आधी ‘बाहेर’ म्हणायचं आणि बोलून झालं की ‘आत’ म्हणून पुन्हा मजकुरावर यायचं. छापखान्यातला हा नियम फार जुना होता आणि त्याला कारण होतं. वर्षानुवर्षं ऐकून लिहिणाऱ्याचा हात विचार करत नाही. कानावर पडलं आणि कागदावर दिसलं नाही, तर तो गाळलेला मजकूर समजून समासात लिहून टाकतो. या दोघींच्या आधीच्या जोडीतला वाचणारा एकदा ‘बाहेर’ म्हणायला विसरला आणि घुबडाच्या नोंदीत ‘पंखा जरा कमी करा’ असं छापून आलं. ती आवृत्ती अजून मालकांच्या कपाटात आहे, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती दाखवतात.

एके काळी दोघींचं निम्मं आयुष्य त्या ‘बाहेर’ आणि ‘आत’च्या मध्ये घडायचं. “बाहेर. चिमे, तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय. आत.” “बाहेर. काल हे पुन्हा जेवणाच्या ताटावरून उठून गेले. आत. दोन, गिरवणे, स्वल्पविराम.” ताई एका श्वासात नवऱ्याचा संताप आणि क्रियापदाचा दुसरा अर्थ सांगायची. चिमी हसू दाबत म्हणायची, “पुढे.”

मग ती दुपार आली. चिमीने नवऱ्याचं घर सोडलं. का सोडलं ते ती कोणाला सांगत नाही, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी विचारतही नाही. एका बॅगेत मावेल तेवढं घेऊन ती सरळ बहिणीच्या दारात गेली आणि बेल दाबली. आत ताईचा आवाज येत होता. ती नवऱ्याला पेपर वाचून दाखवत होती. मेहुण्यांचे डोळे ठणठणीत होते, पण त्यांना वाचून घ्यायला आवडे. बेल वाजली तसा ताईचा आवाज थांबला, खुर्ची सरकली. सपाता फटफटत दारापर्यंत आल्या, दाराच्या भोकाशी थबकल्या, परत गेल्या. दबक्या आवाजात काहीतरी बोलणं झालं, खुर्ची पुन्हा सरकली. आणि मग, यावर चिमीचा अजूनही विश्वास बसत नाही, ताईचा आवाज पुन्हा सुरू झाला. पेपर जिथे थांबला होता तिथून पुढे!

चिमी जिन्यात बॅगेवर बसून राहिली. बाजारभाव झाले, हवामान झालं. दार उघडलं नाही. शेवटी ती उठली आणि त्या संध्याकाळी कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. ती अजून तिथेच राहते. खोलीला कायम साबणाचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी ताई छापखान्यात आली, बसली, हस्तलिखित उघडलं. चिमी वाट पाहत होती. आता म्हणेल ‘बाहेर’. काहीही सांगेल. खोटं सांगितलं तरी चालेल, ‘बेल ऐकू आली नाही’ म्हटलं तरी मी मान डोलवेन. ताईने चष्मा पुसला आणि काल राहिलेल्या नोंदीपासून वाचायला लागली. चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मनाशी ठरवलं, आता त्या तोंडातून ‘बाहेर’ येईपर्यंत माझ्या तोंडातूनही येणार नाही. आणि मग महिने गेले, वर्षं गेली, आणि अबोल्याचं असं असतं की जितका जुना तितका तो मोडायला जड.

आता मात्र कोश संपत आला होता. बाकीची अक्षरं केव्हाच छापून झाली होती. ‘आर’ तेवढं संपादकांच्या लांबलेल्या आजारपणामुळे शेवटी आलं होतं. ते झालं की जोडीने वाचायची पद्धत बंद, असं मालकांनी सांगून टाकलं होतं. यापुढे एकेकट्याने पडद्यावर तपासायचं. ताई खालच्या मजल्यावर बसणार होती, चिमी वर. म्हणजे ‘आर’ संपायच्या आत कोणी ‘बाहेर’ म्हटलं तर म्हटलं. नाहीतर दोन बहिणींना समोरासमोर बसायला या जगात काही कारण उरणार नव्हतं. चिमीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती आणखीच चिडलेली असे.

अशात ते क्रियापद आलं. रिसीव्ह. लिहायला बसलं की भल्याभल्यांचा हात जिथे अडखळतो तो शब्द. ‘सी’च्या मागून आधी ‘ई’ यायला हवं, मग ‘आय’. लोक बिनदिक्कत ‘आय’ आधी घालतात. छापून आलेल्या पहिल्या प्रुफातही तसंच होतं. चिमीने दोन अक्षरं उलटवायची नागमोडी खूण केली आणि कागद दुरुस्तीला जाणाऱ्या टोपलीत टाकला. दुसऱ्या प्रुफात शब्द बरोबर आला, पण उदाहरणाची एक ओळ गळली होती. तिने ती लिहिली. तिसऱ्या प्रुफात ओळ आली आणि शब्द पुन्हा चुकला. तिने पुन्हा नागमोडी खूण केली, या वेळी कागद फाटेल इतकं दाबून. चौथ्या प्रुफातही शब्द चुकलेलाच.

प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे अख्खी नोंद पहिल्यापासून वाचायची. आणि प्रत्येक वेळी तिसरा अर्थ यायचा.

“आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई,” ताई वाचायची, कोर्टातला कारकून नावं पुकारतो तशा आवाजात. “क्रियापद. एक, मिळणे, स्वल्पविराम, प्राप्त होणे, पूर्णविराम. दोन, हाती घेणे, स्वल्पविराम, स्वीकारणे, पूर्णविराम. तीन, कंस सुरू, आलेल्या माणसाचे, कंस पुरा, स्वागत करणे, अर्धविराम, घरात घेणे, पूर्णविराम.”

घरात घेणे, पूर्णविराम! आवाज जरासुद्धा हलत नव्हता. या बाईला काही वाटतं की नाही, की सगळी लाज स्वल्पविरामांतच खर्च झाली? चिमी दातावर दात ठेवून म्हणायची, “पुढे.”

चौथ्या प्रुफानंतर ती तणतणत अक्षरजुळणीच्या केबिनमध्ये गेली. तिथल्या गृहस्थांना सगळे ‘हेडफोन’ म्हणत, कारण त्यांचे कान कोणी उघडे पाहिले नव्हते. तिने कागद त्यांच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

हेडफोन यांनी एक कान मोकळा केला. “रिसीव्ह.”

“ते मलाही वाचता येतं. अक्षरं पुन्हा उलटी कशी?”

“तुम्हीच खूण केलीत ना, उलटवा म्हणून? उलटवली.”

“अहो, चुकलेली उलटवायची! बरोबर झालेली कशाला उलटवता?”

“बाई, माझ्याकडे सगळे कागद एका टाचणीत येतात. पहिल्या कागदावर खूण आहे, तिसऱ्यावर खूण आहे. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा करतो. एकही सोडत नाही.” हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

“दोनदा उलटवलं की जिथल्या तिथे येतं, कळतं का तुम्हाला?”

“मी अर्थ बघत नाही, बाई. मी खुणा बघतो.”

“मग जुने कागद टाचणीतून काढून टाका!”

“मालक म्हणतात, काढायचे नाहीत.” आणि हेडफोन यांनी तो कान पुन्हा बंद केला.

चिमी जागेवर येऊन धपकन बसली आणि तिची नडगी कशावर तरी आपटली. ताईची बॅग. ही आणखी एक कटकट. आठवड्याच्या सुरुवातीला ताईने एक मोठी बॅग आणून टेबलाखाली ठेवली होती आणि संध्याकाळी ती तिथेच सोडून गेली होती. तेव्हा ती रिकामी, चपटी होती. मग रोज सकाळी ताई पर्समधून काहीतरी काढून खाली वाकून तिच्यात टाकायची, आणि बॅग रोज थोडी फुगायची. चिमीला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ‘बॅग सरकव’ एवढंच म्हणायचं होतं, पण ते म्हणायचं तर आधी ‘बाहेर’ म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा नडगी फुटलेली बरी. तिने बॅगेला एक लाथ घातली. आत काहीतरी मऊ होतं.

“आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई,” पाचवं प्रूफ आल्यावर ताईने पुन्हा सुरुवात केली. चिमीने पेन उचललं. एक झालं, दोन झालं.

“तीन, कंस सुरू, आलेल्या माणसाचे, कंस पुरा, स्वागत करणे, अर्धविराम, घरात घेणे, पूर्णविराम. आज मी घरी परत जाणार नाही, पूर्णविराम. मला तुझ्याकडे ठेवून घेशील का, प्रश्नचिन्ह.”

आवाज तोच, ठेका तोच. चिमीचा हात कागदावर मजकूर शोधत गेला, त्याला तो सापडला नाही, आणि गाळलेली ओळ घालायची खूण करून त्याने समासात मुकाट्याने सगळं लिहून घेतलं. प्रश्नचिन्ह काढताना पेन अडलं. कोशातल्या अर्थांना प्रश्नचिन्ह नसतं.

तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. आपण काय बोलून बसू याचा तिलाच भरवसा नव्हता. अखेर तोंडातून आला तो सवयीचा शब्द.

“परत.”

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. आपण बहिणीला ते पुन्हा म्हणायला लावलं. आणि खरं सांगायचं तर कुठेतरी आत तिला त्याचं बरंही वाटलं.

 मग ताईने वाचलं. “आज मी घरी परत जाणार नाही, पूर्णविराम. मला तुझ्याकडे ठेवून घेशील का,” आणि इथे त्या कोर्टातल्या आवाजाला तडा गेला, “प्रश्नचिन्ह.”

“पुढे,” चिमी म्हणाली.

“चार,” ताई म्हणाली, “कंस सुरू, आघात, स्वल्पविराम, जखम, कंस पुरा, सोसणे, पूर्णविराम.”

नोंद संपली. कागद टोपलीत गेला. दुपारी दोघी रोजच्यासारख्या खोलीच्या दोन टोकांना बसून जेवल्या. म्हणजे ताई जेवली. चिमी डब्याशी भांडत होती. आली गरज तेव्हा आठवली बहीण! मी बॅगेवर बसून हवामान ऐकलं, ते? तिच्यासाठी मी का दार उघडू? आणि मागायचं तर नीट मागावं. ‘बाहेर’ म्हणायला काय जिभेला काटा टोचला असता? तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी मी थांबले तो शब्द तेवढा गाळून बाकी सगळं बोलली!

मग डबा बंद करता करता तिच्या लक्षात आलं, की ‘बाहेर’ म्हटलं असतं तर मला उत्तर द्यावंच लागलं असतं. तिने मजकुरासारखं वाचलं. म्हणजे मला ते मजकूर समजून सोडून द्यायची वाट ठेवली. नाही म्हणायचीसुद्धा वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून. यावर तर चिमीला रडावं की चिडावं तेच कळेना, म्हणून ती चिडली. ताईचं हे असंच. मागतानासुद्धा समोरच्याला जागा करून द्यायची आणि आपण कोपऱ्यात बसायचं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताईची खुर्ची सरकली. चिमीने नकळत मान वळवली. ताई तिच्याकडे यायला उठली होती. चिमीचा चेहरा पाहून ती तिथेच थांबली. खुर्ची पुन्हा सरकली. ताई बसली.

चिमीच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. दोनदा. त्या दुपारी दाराआडही खुर्ची दोनदा सरकली होती. एकदा मागे, मग दबकं बोलणं, मग एकदा पुढे. तिने जिन्यात उभं राहून दोन्ही ऐकलं होतं, आणि तीन वर्षं फक्त दुसरं धरून ठेवलं होतं. कोणीतरी उठलं होतं आणि कोणीतरी त्याला बसवलं होतं. त्या घरात कोण कोणाला बसवतं हे तिला आजवरच्या सगळ्या ‘बाहेर’ आणि ‘आत’मधून पुरतं माहीत होतं. कान म्हणवून घेते मी, आणि एवढं ऐकलं नाही! उठलेलं माणूस पुन्हा बसलं, म्हणून काही माफ होत नाही. पण उठलं होतं.

आणि आज ते एका बॅगेत रोज थोडं थोडं घर भरून उठलं होतं.

मग तिला कागदाची आठवण झाली. समासात ते सगळं तसंच लिहिलेलं होतं! ती धावत केबिनमध्ये गेली. टोपली रिकामी होती. हेडफोन दोन्ही कान बंद करून मशीनसमोर बसले होते, आणि शेजारी ताजा कागद निघून पडला होता. तो हातात येण्याआधीच तिला कळलं, की खुणा पाळण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही.

ती कागद घेऊन जागेवर आली. ताईही आली. बाहेर अजून उजेड होता, पण दिवा लावला होता. ताईने हस्तलिखित उघडलं, चिमीने प्रूफ पुढे ओढलं.

“आर, ई, सी, ई, आय, व्ही, ई.”

कागदावर ‘आय’ आधी होतं. पुन्हा! चिमीने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि खूण न करता म्हणाली, “पुढे.” एवढ्या वर्षांत तिने चूक दिसत असताना सोडली ती ही पहिलीच.

“एक,” ताई वाचत गेली. “दोन,” वाचत गेली. “तीन, कंस सुरू, आलेल्या माणसाचे, कंस पुरा, स्वागत करणे, अर्धविराम, घरात घेणे, पूर्णविराम.”

आणि थांबली. हस्तलिखितात पुढे ‘चार’ होतं. चिमीच्या कागदावर, तिसऱ्या अर्थाच्या खाली, कोशाच्या बारीक देखण्या अक्षरात, प्रश्नचिन्हासकट ती ओळ छापलेली होती. ताईला कागद उलटा दिसत असला तरी प्रूफ उलटं वाचायची तिला सवय होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 

मूळ मजकुरात नसलेली ओळ दिसली की तिच्यावर काट मारायची, हे कानाचं काम. चिमीने पेन त्या ओळीवर नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

“बाहेर,” ती म्हणाली.

आवाज घोगरा आला, गंजलेल्या कडीसारखा. ताईने मान वर केली.

“खोली लहान आहे,” चिमी तडकून म्हणाली. “साबणाचा वास येतो. नळाला पाणी सकाळीच येतं. आणि पलंग एकच आहे, ताई. भिंतीकडची बाजू माझी, ती मी कोणाला देणार नाही, सांगून ठेवते. आणि सकाळी मला पेपर वाचून दाखवायचा नाही. कधीच नाही. कळलं का?”

ताईचा चष्मा धुरकटला होता. तिने तो काढला, पुसायचा विसरली आणि हातातच धरून बसली.  इतकी वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून स्वतःचं काही बोलायची सवय राहिली नव्हती. शेवटी तिला सापडला तो बहिणीचाच शब्द.

“पुढे, चिमे,” ती म्हणाली.

 चिमीने ती ओळ खोडली, टेबलाखाली वाकली आणि बॅग ओढून आपल्या बाजूला घेतली.